किलवर की इस्पिक

“डोकं ठिकाणावर नाही त्यांचं, वहिनी. तुम्ही किती दिवस पांघरूण घालणार?”

“हळू बोला, भावजी. बाहेर ऐकू जातंय.”

“जाऊ दे! संध्याकाळपर्यंत विसरतीलच.”

धाकटा बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्यानं उगाच नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला. स्वयंपाकघरात चौघं दाटीवाटीनं जमली होती. बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या लांबलचक टेबलाच्या टोकाला धाकट्याचे वडील, नाना, एकटेच बसून पत्ते गोळा करत होते. पानं एकमेकांवर घासल्याचा आवाज आत येत होता.

“मोठा का काही बोलत नाही?” स्टुलावर बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

मोठा म्हणजे वहिनीचा, घरात जिला चौकशीबाई म्हणत तिचा, नवरा. तो लिफ्टा दुरुस्त करायचा, आणि घरात भांडण लागलं की स्वतःच दोन मजल्यांच्या मधे अडकून बसायचा. “डॉक्टरला दाखवायला हरकत नाही,” तो म्हणाला. “पण घाईही नको.”

“म्हणजे काय करायचं?” धाकट्यानं विचारलं.

“बघू.”

“बघूच तर चाललंय वर्षभर! मी स्पष्ट सांगतो. मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि पुढच्या महिन्यापासून नानांनी घरी बसायचं. दुकान मी बघतो. एखाद्याच्या डोळ्याचं वाटोळं झालं म्हणजे मग जागे होणार का तुम्ही?”

घडलं होतं ते एवढंच. दर रविवारी दुपारी या घरात पोकर चाले. पैशांवर नव्हे, काचांवर. नानांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि नवीन फ्रेममधे ज्या बिननंबरी नकली काचा बसवून येतात त्या फेकून द्यायच्या नाहीत, असा सासूबाईंचा नेम. त्या काचांचे डबेच्या डबे घरात होते आणि त्याच डावात लावल्या जात. प्रत्येकाला दोन पानं हातात, पाच पानं मधे सगळ्यांसाठी उघडी. या सातांतून ज्याची पाच पानं सरस, त्याच्या सगळ्या काचा. त्या दुपारी नानांनी आपल्यापुढचा अख्खा ढीग मधे सरकवला, हातातली किलवरची दोन पानं टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “फ्लश.” पाच पानं एका रंगाची.

मधे किलवरची दोनच पानं होती. तिसरा होता तो गुलाम इस्पिकचा.

“नाना, हा इस्पिक आहे,” धाकटा म्हणाला.

नाना उठले, टेबलाला वळसा घालून आले, वाकले. “हो की,” म्हणाले. मग परत जागेवर जाऊन बसले आणि कुणाकडेही न बघता रिकाम्या डब्यात बोटं फिरवत राहिले. तेवढ्यावर डाव मोडला आणि बाकीचे एकेक करून स्वयंपाकघरात आले. घरात कुणाच्या पाठीमागे बोलायचं असलं की तीच जागा होती.

“एक इस्पिकचा गुलाम चुकला म्हणून कुणी माणसाला खुर्चीवरून उठवतं का?” चौकशीबाई म्हणाली.

“एक? मागच्या रविवारी काय केलं? त्याच्या आधी? आणि त्या वाचनालयातल्या बाईंचा चष्मा? त्या रडकुंडीला आल्या होत्या, वहिनी. कपाटं अंगावर झुकल्यासारखी दिसतात म्हणाल्या. नंबर बरोबर, काच बरोबर, आणि ठिपका भलतीकडेच! नानांच्या हातून!”

काच फ्रेममधे बसवण्याआधी तिच्यावर शाईचा बारीक ठिपका द्यावा लागतो; बुबुळ जिथे येणार, नेमका तिथे. ठिपका केसभर सरकला की नंबर बरोबर असूनही माणसाची जमीन कलते. नानांनी दिलेला ठिपका सरकलाय हे त्या गल्लीत कुणी कधी ऐकलं नव्हतं.

“पुढच्या रविवारपर्यंत थांबा,” ती म्हणाली. “मग न्या कुठे न्यायचं तिथे.”

“पुढच्या रविवारी काय होणार आहे?”

“माहीत नाही. म्हणूनच म्हणतेय.”

धाकट्यानं कपाळावर हात मारला. सासूबाई म्हणाल्या, “हिला थांबू दे. हिला कळल्याशिवाय ही आपल्याला झोपू द्यायची नाही.”

ते खरंच होतं. चौकशीबाई बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोक तिला विचारायचे आणि घरी आली की ती लोकांना विचारायची. लग्न होऊन आली तेव्हा पोकरला एक भिडू कमी पडत होता म्हणून तिला बसवलं. नवी सून, तिनं निमूट पानं धरावीत, हरावं, चहाला उठावं अशी साधारण अपेक्षा. पहिल्याच डावात तिनं सासऱ्यांना विचारलं, “तुम्ही पानं टाकून का दिलीत? चांगली होती की.”

मोठ्यानं तिला पायानं खुणावलं. नानांनी मात्र चष्मा कपाळावर चढवला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. दोन मुलगे त्यांनी वाढवले, दोघांना खेळ शिकवला, पण ‘का’ असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“हे बघ,” ते म्हणाले. “मला सलग पाच आकडे हवेत. चार आहेत, मधलं एक नाही. ते आणणारी पानं कॅटमधे किती? चार. मी न पाहिलेली पानं किती? शेचाळीस. शेचाळिसात चार. म्हणजे बारा वेळा हा डाव खेळलो तर एकदा जमणार. त्या एकदासाठी अकरा वेळा काचा घालवू?”

“पण ती एक वेळ आत्ताची असली तर?”

“असू शकते,” नाना खुशीत येऊन म्हणाले. “तीच तर गंमत आहे. ते पान आलं म्हणून मी चुकलो असं ठरत नाही, आणि नाही आलं म्हणून बरोबर आलो असंही ठरत नाही. पानं टाकणं तेवढं बरोबर.”

ते वाक्य तिनं आठवडाभर चघळलं. मग तिला नादच लागला. नानांनी तिला सोपी रीत दिली: आपल्याला तारणारी पानं मोजायची, एक पान उघडायचं राहिलं असेल तर त्यांची दुप्पट करायची, दोन राहिली असतील तर चौपट, शंभरात तेवढ्या वेळा जमतं. अचूक नाही, पण टेबलावर पुरतं. एका रंगाची चार पानं आली की उरतात नऊ. नऊ दुणे अठरा. म्हणजे पाचांत एकदा, जेमतेम. ती भाजी निवडताना हे करायची, कपडे वाळत घालताना करायची. खिडकीतही ते उतरलं. कुणी विचारलं, “बाई, गाडी वेळेवर येईल का?” तर ती म्हणे, “दहातल्या सात वेळा येते.” लोक चक्रावून जात. एका गृहस्थानं तर विचारलं, “मग आज सातातली की तिनातली?” शेवटी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. “बाई, चौकशीवर शक्यता नको, वेळ सांगत जा. खोटी असली तरी चालेल.” ही गोष्ट नानांना सांगितली तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि त्या दिवसापासून ती चौकशीबाई झाली.

घरात या दोघांची वेगळी जात होती. मोठा पानं बघायच्या आधीच टाकून द्यायचा. धाकटा तावातावानं खेळायचा आणि हरला की पिसणाऱ्याला बोलायचा. सासूबाई काहीही मोजत नसत. त्या खेळताखेळता शेंगा सोलायच्या; त्यांचं ते भलंमोठं ताट टेबलाच्या मधोमध असायचं आणि त्यामुळे मधली पानं पार धाकट्याच्या टोकाला मांडावी लागायची. आणि तरी डबा सासूबाईंचाच भरायचा. “तुमची शेचाळीस पानं तुम्हाला लखलाभ,” त्या नवऱ्याला म्हणायच्या. “मला पाच तोंडं पुरतात.”

“चार. पाचवं तुझं,” नाना म्हणायचे.

“माझं तर पाठच आहे.”

आता धाकटा पाय आपटत बाहेर गेला, मोठा त्याच्यामागे गेला, आणि चौकशीबाई शेंगा सोलायला सासूबाईंजवळ बसली.

“आई, एक विचारू?”

“नको म्हटलं तर थांबणार आहेस?”

“नाना थाप मारत होते का मघाशी? हातात काही नसताना घाबरवायला काचा लावतात, तसं?”

सासूबाईंचे हात थांबले. “छे. थाप मारताना ते मिशीला हात लावतात. लग्नाच्या आधीपासून लावतात. आज हात टेबलावर होते. चांगली पानं आलेल्या माणसाचं तोंड होतं ते.” मग शेंगेकडे बघत म्हणाल्या, “म्हणून तर मला भीती वाटते गं. नसलेली पानं दिसायला लागली म्हणजे...”

शेंगेतला दाणा उडून ओट्याखाली गेला तो दोघींनीही उचलला नाही.

पण चौकशीबाईच्या मनात ते वाक्य राहिलं. चांगली पानं आलेल्या माणसाचं तोंड. म्हणजे नाना मोजायला चुकले नव्हते. किलवरची पाच पानं त्यांना खरोखर दिसली होती, आणि ती दिसल्यावर सगळा ढीग सरकवणं अगदी बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून ती लोकांना गाड्या सांगत होती आणि मनात रविवार उलगडत होती. डोकंच चाललं असेल तर माणूस सगळीकडेच चुकायला हवा. कधी बदामात, कधी चौकटीत, कधी आकड्यात. तिनं आठवून आठवून पाहिलं. बदामाचे डाव नानांनी हल्ली कसे खेळले? चोख. चौकट? तीही. सलग आकड्यांचा डाव परवाच आला होता, नाना पुटपुटले होते, “चार पानं, शेचाळिसात, जाऊ दे,” आणि टाकून मोकळे झाले होते. ज्याचं डोकं गेलंय तो शेचाळीस म्हणतो का? मग फसले ते कोणते डाव? मागच्या रविवारी इस्पिक. त्याआधी किलवर. त्याआधी पुन्हा इस्पिक. काळ्याच्या बाहेर एक नाही.

“बाई, गाडी कधी आहे?” खिडकीतून एक आजोबा विचारत होते.

“कोणती?”

“ती काय समोर लागलीये ना, तिच्यावर काय लिहिलंय ते दिसत नाही, म्हणून तर विचारतोय.”

चौकशीबाईनं गाडीचं नाव सांगितलं आणि तशीच आजोबांकडे बघत राहिली. आजोबा अवघडले. “काय झालं?”

“काही नाही. गाडी मोठी आहे, पाटी बारीक आहे.”

“तेच तर,” आजोबा म्हणाले आणि गेले.

तिला हसू फुटलं आणि लगेच मावळलं. नानांचे डोळेच कमजोर झाले असतील, हा विचार घरात एकाच्याही मनात आला नव्हता. कसा येणार? चष्मेवाल्याचं घर. शिंक आली तरी नाना टॉर्च घेऊन डोळे बघायचे. सगळ्यांचे डोळे तपासलेले, सगळ्यांच्या नाकावर नानांच्या हातचा चष्मा. डोळ्यांचा प्रश्न या घरात केव्हाच मिटलेला होता. आणि पुन्हा तिला वाटलं, पण नाना स्वतःचेही तपासतात की. दर महिन्याला तपासतात. मग?

पाळी संपल्यावर ती घरी न जाता दुकानात गेली. धाकटा काचा आणायला गेला होता. नाना तपासणीच्या आतल्या खोलीत खुर्चीवर उभे राहून बल्ब बदलत होते.

“हल्लीचे बल्ब भिकार,” ते वरूनच म्हणाले. “लावला की चार महिन्यांत मंद. हा तिसरा. तू काय इकडे?”

“डोकं दुखतंय. नंबर बघता का?”

हे खोटं होतं, पण नाना खूष झाले. तिला खुर्चीत बसवलं, डाव्या डोळ्यावर झाकण दिलं आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावर दिवा लावला. मग तिच्याकडे पाठ करून ते फ्रेमचा स्क्रू पिळायला लागले. ती वाचत खाली आली. शेवटून दुसऱ्या ओळीत तिनं मुद्दामच एक अक्षर चुकवलं.

“चुकलं,” नाना स्क्रूकडे बघत म्हणाले. “पुन्हा वाच.”

“नाना, तुम्ही तक्त्याकडे बघितलंही नाहीत.”

“बघायचं काय त्यात? जन्म गेला त्याच्याबरोबर.”

“तुमचे डोळे कोण तपासतं?”

“मीच. या खुर्चीत बसतो, एक डोळा झाकतो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. आजवर एक अक्षर...” नाना थांबले. स्क्रू पिळायचेही थांबले. रस्त्यावरून कुणीतरी शटर ओढल्याचा आवाज आला.

“एक अक्षर चुकलं नाही,” त्यांनी सावकाश पुरं केलं.

“बसा इथे,” चौकशीबाई उठत म्हणाली. सासऱ्याला ‘बसा’ असं हुकमी आवाजात तिनं कधी म्हटलं नव्हतं. पर्समधून तिनं वाटेत विकत घेतलेला कॅट काढला. “हा तक्ता पाठ व्हायचा नाही. पिसलेला आहे.”

नाना बसले. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाइतकी लांब उभी राहिली आणि दिव्याखाली एकेक पान धरायला लागली. नाना आधी हसतहसत खेळले. बदाम सत्ती. चौकट राणी. बदाम पंजी. तांबडी पानं त्यांनी एकही चुकवली नाही. चौकट सडपातळ, बदाम गुबगुबीत, त्यात काय कठीण? काळं पान आलं की मात्र ते किंचित थांबायचे, मान तिरकी करायचे आणि मग ठामपणे सांगायचे. आकडा दर वेळी बरोबर. रंगापाशी गाडी घसरायची. ती काही बोलत नव्हती. तांबडी पानं खुर्चीवर टाकत होती, आणि काळी पानं नाना बरोबर बोलले तर उजवीकडे, चुकले तर डावीकडे, पालथी ठेवत होती.

कॅट संपला. काळ्यांचे दोन ढीग पडले होते.

“हे काय?” नानांनी विचारलं.

“हे बरोबर आलेले. हे चुकलेले.”

नाना उठून जवळ आले. त्यांनी मोजले नाहीत. दोन्ही ढिगांवर दोन हातांचे अंगठे ठेवले आणि उंची बघितली. सारखीच होती.

“अर्धे,” ते म्हणाले.

“अर्धे तर बरोबर आले, नाना,” ती म्हणाली. आता तिला भीती वाटायला लागली होती.

“अगं वेडे, तुला शिकवलं ते पाण्यात गेलं का? काळं पान आहे एवढं मला दिसतंय. मग उरले रंग दोन. मी डोळे मिटून बोललो असतो तरी अर्धे बरोबर आले असते.” त्यांनी ढिगांवरचे अंगठे काढले. “थोडे जास्त आले असते तर म्हटलं असतं, अंधुक का होईना, दिसतंय. थोडे कमी आले असते तर म्हटलं असतं, उलटं दिसतंय. बरोबर अर्धे म्हणजे काहीच दिसत नाहीये. मी बघत नाहीये. नुसता ठोकून देतोय.”

मग ते एकदम कामाला लागले. ड्रॉवरमधून टॉर्च काढून तिच्या हातात दिली, स्वतः खुर्चीत बसले. “उजव्या डोळ्यात तिरका उजेड टाक. बाहुलीत काय दिसतं? काळं की करडं?”

ती वाकली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या डोळ्यांत इतक्या जवळून तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“करडं. दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखं.”

“डावा?”

“त्यातही. जरा कमी.”

“मोतीबिंदू!” नाना ओरडलेच. आणि हसायला लागले. हसता हसता खुर्चीचा हात थोपटायला लागले. “मोतीबिंदू! अगं, मला वाटलं माझं डोकं गेलं!”

“तुम्हालाही?”

“मलाच तर! तुम्ही सगळी आत जाऊन कुजबुजायला लागलात त्याच्या कितीतरी आधी. रोज आंघोळीला एकोणतीसचा पाढा म्हणून बघतो. उलटा. तुझ्या सासूला वाटतं मी गाणं म्हणतो. परवा म्हणाली, आवाज सुधारलाय हो तुमचा!”

चौकशीबाईलाही हसू आवरेना. दोघं त्या अंधाऱ्या खोलीत लहान मुलांसारखी हसत होती. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे काय, दोनचार दिवसांची गोष्ट. धाकट्याचं तोंड बंद होईल, आईंचा घोर जाईल, नाना पुन्हा खुर्चीवर. आपण चौकशी केली आणि सगळं जागेवर आलं, असं तिला वाटलं. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की आता हसतेय ती एकटीच.

नाना समोरच्या फळीकडे बघत होते. तिथे उद्या न्यायचे चष्मे ओळीनं ठेवलेले होते.

“पहिला बल्ब मंद वाटून मी कधी बदलला?” त्यांनी विचारलं.

“वर्ष होत आलं असेल.”

“तेव्हापासूनचे ठिपके मीच दिलेत. सगळ्या काचांवरचे.”

“नाना, काच तुम्ही हातात धरता, जवळून. पत्ते लांब होते. तक्रार एकट्या वाचनालयातल्या बाईंची आली. इतक्यांत एक! तुम्हीच मोजून बघा ना किती लहान शक्यता आहे ते.”

“तक्रार एक आली,” नाना म्हणाले. “चुकले किती ते कुठे कळलं? कितीतरी लोक येत नाहीत. त्यांना वाटतं वय झालं, चक्कर येते, आपलंच काहीतरी बिघडलं. माझंच बघ ना! मी डोळ्यांच्या दुकानात बसून डोक्याला दोष देत होतो.” त्यांनी एक चष्मा उचलला, डोळ्यांशी नेला, खाली ठेवला. “आणि लहान शक्यता म्हणतेस. डावात चुकलो तर एक नकली काच जाते. इथे माणूस जिन्यावरून जातो.”

टेबलावर ज्या रीतीनं शक्यता मोजायची तिला सवय होती, त्यात समोरचा माणूस पडत नसे.

संध्याकाळी घरी सगळे टेबलाशी जेवायला बसले तेव्हा नानांनीच सगळं सांगितलं. पिसलेला तक्ता, दोन ढीग, टॉर्च, काही लपवलं नाही. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग नवऱ्यावर उखडल्या, “पाढे म्हणत होतात होय! आणि मी शेजारणीला सांगत सुटले!”

धाकट्यानं नानांच्या ताटात भाजी वाढली, पुन्हा वाढली. “चुकलंच माझं,” तो पुटपुटला. “पण वेळेवर कळलं ते बरं. आपण ऑपरेशन करून घेऊ. कुणाला काही कळायचं कारण नाही.”

“लोकांना कळवायला लागेल,” नाना म्हणाले.

“कशाबद्दल?”

“चष्म्यांबद्दल.”

धाकट्याचा घास हातातच राहिला. “नाना, असं काही करू नका. चष्मेवाल्यालाच दिसत नव्हतं असं गावभर झालं की दुकानाला कुलूप लागेल! हळूहळू करू ना. जो येईल त्याचा चष्मा मी गुपचूप तपासून देतो. वहिनी, सांगा ना यांना. तुमचं ऐकतात.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मोठ्यानंसुद्धा. कालपर्यंत ती नानांच्या बाजूनं या सगळ्यांशी भांडत होती. आता धाकटा म्हणत होता ते तिलाही पटत होतं. जो येईल त्याचा तपासायचा. पण येईल कोण? वाचनालयातल्या बाई आल्या, कारण त्यांना दिवसभर कपाटं बघायची असतात. न आलेले किती, आणि त्यांच्या घरांना जिने किती, हे तिला कुठल्याच रीतीनं काढता येईना.

“मला मोजता येत नाही, भावजी,” ती म्हणाली. “न पाहिलेली पानं किती तेच माहीत नाही.”

“अगं, मग?” मोठ्यानं विचारलं.

तिनं नानांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. सासूबाईंनीही ते पाहिलं आणि त्या हळूच म्हणाल्या, “आता यांना कुणी विचारू नका. ठरलंय त्यांचं.”

नानांनी ताट बाजूला सारलं.

“डोळ्यांचं ऑपरेशन याच आठवड्यात करून घेतो. ते होईपर्यंत ठिपके धाकटा देईल आणि मी बाहेर गल्ल्यावर बसेन. गेल्या वर्षभरात आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी चष्मा केला त्या प्रत्येकाला परत बोलवायचं आणि काच पुन्हा बघायची. दारावर तशी पाटी लागेल. पाटीवर कारण लिहायचं, माझ्या नावानिशी. उद्या दुकान उघडायच्या आधी.”